करारात नाव नसलेला माणूस

२०२७ च्या सिंहस्थातलं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्टला, हे जाहीर झालं आणि नाशकातल्या भाड्याच्या घरांमधून एक जुना युक्तिवाद नव्या जोमाने ऐकू यायला लागला. घर मी भाड्याने घेतलं, डिपॉझिट मोजलं, दर महिन्याला पाच तारखेच्या आत भाडं टाकतो. मग दोन खोल्यांपैकी एक मी कुणाला दिली, महिनाभर यात्रेकरू ठेवले किंवा बदली झाली म्हणून आख्खा फ्लॅट सहा महिने मित्राच्या मित्राला दिला, तर मालकाच्या पोटात का दुखावं? त्याचं भाडं थांबलं का? आणि कायदा-बियदा म्हणाल, तर तो पागडीच्या काळातला. गंगापूर रोडच्या फ्लॅटला तो लावायला कोण बसलंय? शिवाय आज बेकायदा म्हणतात ते उद्या सरकार नियमित करतंच, इतका इतिहास आम्हालाही ठाऊक आहे.

बोलणारी माणसं लबाड नसतात. अंबडच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, कॉलेज रोडला क्लास चालवणारा, आयटीतली नोकरी घरून करणारा, अशी ही साधी, हिशेबी माणसं आहेत. त्यांच्या हिशेबात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: हा माझा हक्क आहे, यात कुणाचं नुकसान नाही आणि पुढेमागे हे चालवून घेतलं जाईल. पहिली चूक आहे हे दोन मिनिटांत दाखवता येतं. उरलेल्या दोन एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की तिथे जरा थांबावं लागेल.

हक्काचं आधी. या मंडळींच्या बाजूने कायद्यात काहीच नाही, असं म्हणता येणार नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्यांचीच बाजू घेतो. त्याच्या कलम १०८ नुसार करारात उलट काही ठरलेलं नसेल तर भाडेपट्टेदाराला आपला हक्क पूर्ण किंवा अंशतः दुसऱ्याला देता येतो, पोटभाड्यानेही. महाराष्ट्रात हा नियम उलटा झाला तो भाडेनियंत्रणामुळे. आज लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २६ प्रमाणे करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूने घर किंवा घराचा भाग पोटभाड्याने देणं, लायसन्सवर देणं, आपला हक्क दुसऱ्याच्या नावे करणं बेकायदा ठरतं. आणि कलम १६ त्यासाठी जागा खाली करून मागण्याचा अधिकार मालकाला देतं. १८८२ च्या कायद्यात करार गप्प असेल तर परवानगी, १९९९ च्या कायद्यात करार गप्प असेल तर मनाई. 'आमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये देऊ नका असं कुठे लिहिलंय?' असं विचारणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. 'द्या' असं कुठे लिहिलंय, ते त्यालाच दाखवावं लागेल.

आणि नाशकातल्या फ्लॅटमध्ये राहणारे बहुतेक लोक कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नसतात. त्यांच्या हातात असतो लिव्ह अँड लायसन्सचा करार. लायसन्सची व्याख्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. तो कायदाही १८८२ चाच. लायसन्स म्हणजे दुसऱ्याच्या जागेत काही करण्याची, इथे राहण्याची, मुभा. ती नसती तर तिथे राहणं बेकायदा ठरलं असतं, एवढंच तिचं बळ. जागेत कसलाही हितसंबंध तिने निर्माण होत नाही. ज्याला स्वतःलाच जागेत हितसंबंध नाही तो तिसऱ्याला काय देणार? भाडेकरूकडे निदान देण्यासारखं काही असतं आणि कायदा त्याला ते देऊ देत नाही. लायसन्सवाल्याकडे तर देण्यासारखंच काही नाही.

जाता जाता अकरा महिन्यांबद्दल. वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही, हा समज १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आला आणि एजंट लोकांनी तो जिवंत ठेवला. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने तो केव्हाच निकालात काढला आहे. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोटरीचा शिक्का मारलेला स्टॅम्पपेपर म्हणजे करार नव्हे. याच कलमात आणखी एक तरतूद आहे. नोंदणीकृत करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं; ते खोटं असेल तर तसं सिद्ध करायचं ओझं मालकावर. म्हणजे ज्या मालकाने हजार रुपयांची नोंदणी फी वाचवली, त्याच्यासमोर भाडेकरू उद्या उभा राहून म्हणू शकतो, 'मला दुसऱ्याला ठेवायची परवानगी होती.' पोटभाडेकरूच्या नावाने बोटं मोडणाऱ्या कित्येक मालकांनी हा सापळा स्वतःच्याच हाताने लावलेला असतो.

हक्काचा मुद्दा इथे संपतो. आता 'कायदा जुनाट आहे आणि पुढे माफ होईल' हे.

कायदा जुना आहे, कबूल. पण त्याचा इतिहास ही मंडळी अर्धाच सांगतात. मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला १९४७ मध्ये. महायुद्ध, फाळणी, शहरांकडे लोटलेले लोंढे, घरांची टंचाई. प्रमाणभाडं ठरवताना आधार धरला १ सप्टेंबर १९४० चं भाडं. बाजारभाव कुठेही जावो, बसलेल्या माणसाला त्याच भाड्यात राहू द्यायचं आणि मालकाने त्याला सहजी काढायचं नाही. भाडेकरूला मिळालेलं हे संरक्षण फार मोठं होतं, म्हणून त्याला एक अट जोडली होती: तू राहायचंस, दुकान मांडायचं नाहीस. गोठवलेल्या भाड्यात घेतलेली खोली चढ्या दराने तिसऱ्याला देऊन फरक खिशात टाकणं म्हणजे मालकावर आणलेल्या बंधनाचा नफा भाडेकरूने खाणं. पोटभाड्यावरच्या बंदीचं मूळ इथे आहे. मालकाच्या लहरीशी तिचा संबंध नव्हता.

ही बंदी सुरुवातीला इतकी कडक होती की मालकाची संमतीही चालत नसे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण गेलं. मालकाने भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवायची मुभा करारातच दिलेली होती. पुढे त्याच मालकाने त्याच कारणावरून जागा खाली करण्याचा दावा लावला आणि तो जिंकला. कायद्याने जे निषिद्ध केलं ते कराराने मोकळं करता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. तर्क बिनचूक, परिणाम भयंकर: परवानगी देणाराच परवानगी घेतल्याबद्दल घराबाहेर काढणार.

त्यावरचा तोडगा म्हणून १९५९ मध्ये वटहुकूम निघाला. करारात मुभा असेल तर पोटभाडं चालेल, हा बदल त्याच वेळचा आणि तो शहाणपणाचा होता. पण त्याबरोबर दुसरं एक पाऊल टाकलं गेलं. २१ मे १९५९ पूर्वी ठेवलेले आणि तोवर ताब्यात असलेले पोटभाडेकरू सरसकट कायदेशीर ठरले. ज्यांनी नियम पाळला त्यांना काही मिळालं नाही. मोडला त्यांच्या पदरात हक्क पडला.

पुढे काय होणार ते दिसतच होतं. पोटभाडं नको म्हणून मालक आणि भाडेकरू दोघेही लायसन्सच्या वाटेला लागले, कारण भाडेनियंत्रणाचं संरक्षण लायसन्सला नव्हतं. मग १९७३ मध्ये कायद्यात कलम १५-अ आलं. १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी चालू करारावर किमान एका खोलीत लायसन्सने राहणारा माणूस त्या दिवसापासून मालकाचा भाडेकरू मानला गेला. मुदतीपुरती मुभा म्हणून आत घेतलेला माणूस एका रात्रीत जन्माचा भाडेकरू झाला. १९८७ मध्ये पोटभाडेकरूंसाठीची १९५९ ची सीमारेषाही याच तारखेपर्यंत पुढे ओढली. तीन दशकांत तीन माफ्या.

त्या माफ्यांचं फळ बघायला तिवंध्यात जा, भद्रकालीत जा, पंचवटीतल्या गल्ल्यांत जा. वाड्याचा मालक एक, भाडेकरू दुसरा, राहतो तिसरा, आणि चौथ्याचं गोडाऊन खालच्या खणात. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात कौलं शेकारायचा खर्चही निघत नाही, म्हणून तो दुरुस्ती करत नाही. भाडेकरू दुसरीकडे राहतो, त्याला दुरुस्तीची निकड नाही. जो राहतो त्याला दुरुस्तीचा अधिकार नाही. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते आणि प्रत्येक नोटिशीच्या मागे कोर्टातला एक दावा निघतो. वाड्याच्या लाकडाला वाळवी लागते ती नंतर. आधी मालकी, भाडं आणि ताबा यांची फारकत होते. सगळं पोटभाड्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, गोठवलेलं भाडं हे त्याहून मोठं कारण. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या अखेरीस या गोठवणुकीला अवाजवी ठरवलं, म्हणून तर १९९९ चा कायदा आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि वर्षाला चार टक्के वाढीची सोय त्यात आहे. पण ज्यांच्या भिंती आधीच झुकल्या होत्या त्यांना चार टक्के उभं करू शकले नाहीत.

म्हणून 'पुढे माफ होईल' म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की माफी होऊन गेली, तीनदा झाली, आणि तिची किंमत अजून फेडली जातेय. ती फेडतो कोण, हा माझा खरा मुद्दा.

१९७३ ची धास्ती मालकांच्या मनातून गेली नाही. आजोबांनी सांगितलेली गोष्ट नातू पाळतो: लायसन्सवाल्यालाही अकरा महिन्यांवर बसू द्यायचं नाही, करार संपला की बॅगा बाहेर. कित्येकांनी त्याहून सोपा मार्ग धरला, घर बंदच ठेवायचं. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी सापडली. सगळीच भीतीपोटी बंद नव्हती, गुंतवणूक म्हणून घेतलेलीही त्यात होती. पण भाड्याने देण्यापेक्षा कुलूप बरं, हे गणित त्यांतल्या अनेकांनी मांडलेलं होतं. आणि १९९९ चा कायदा करताना मालकांचा हा विश्वास परत मिळवायचा म्हणून सरकारने कलम २४ असं काही घट्ट बांधलं की त्यात बोटही शिरू नये.

हे कलम २४ पोटभाडं घेणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवं. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेची मुदत संपली की मालक दिवाणी कोर्टात जात नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. तिथे लेखी करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा. मुदत संपूनही राहिलात तर दुप्पट दराने भरपाई. बचाव करायचा तर आधी बचाव करू देण्याची परवानगी मागायची. इथपर्यंत ठीक, मालकाला त्याचं घर वेळेत परत मिळायला हवंच. पण याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात म्हटलं आहे की करारानुसार जो लायसन्सधारक नाही अशा कुठल्याही माणसाचा कुठल्याही स्वरूपाचा दावा प्राधिकाऱ्याने विचारात घ्यायचा नाही.

कुठल्याही माणसाचा. कुठल्याही स्वरूपाचा. हे शब्द कुणासाठी लिहिले आहेत? पोटभाडेकरूसाठीच.

आता 'यात कुणाचं काय बिघडतं' या प्रश्नाकडे वळू. सुरगाण्याहून, पेठहून, कळवणहून एक मुलगा शिकायला नाशकात येतो. वसतिगृहात नंबर लागत नाही. कॉलेज रोडला किंवा म्हसरूळला कुणीतरी फ्लॅट घेतलेला असतो आणि त्यात कॉट बेसिसवर जागा असते: महिन्याचे इतके, डिपॉझिट इतकं, रोख. फ्लॅट घेणारा स्वतः तिथे राहतच नाही, त्याने असे तीन फ्लॅट घेतलेले असतात. मुलाला कागद मिळत नाही, पावती मिळत नाही, मालकाचं नावही कळत नाही. जातीनुसार मिळणाऱ्या स्वाधार किंवा स्वयम् योजनेच्या भत्त्यासाठी अर्ज करायला तो जातो तेव्हा राहण्याचा पुरावा मागितला जातो. आदिवासी विकास आयुक्तालय याच शहरात आहे आणि स्वयम् योजनेचा भत्ता ज्याच्यासाठी आहे तो मुलगा कागदोपत्री या शहरात राहतच नाही. पोलीस ठाण्यात द्यायच्या भाडेकरूच्या माहितीतही तो नाही. मग एके दिवशी मुख्य लायसन्सवाल्याचं भाडं थकतं, किंवा मुदत संपते, आणि मालक आदेश घेऊन येतो. मुलगा म्हणतो, मी भाडं भरलंय. खरंच भरलेलं असतं. पण ते ऐकायला कायद्यात खुर्चीच ठेवलेली नाही.

किंवा अंबडला नोकरी करणारा माणूस. त्याला पावतीशिवाय घरभाड्याची करसवलत मिळत नाही, आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन लागतो. कुणाचा पॅन देणार? ज्याला तो पैसे देतो तो मालकच नाही. तिकडे पैसे घेणाऱ्यानेही पोटभाड्याची मिळकत आयकरात दाखवायला हवी. तो घराचा मालक नसल्यामुळे ती घरमालमत्तेखाली बसत नाही, इतर स्रोतांत जाते. किती जण दाखवतात हे वाचकांनीच ठरवावं.

सगळ्यात वाईट प्रकार हेवी डिपॉझिटचा. नाशकात हा शब्द आता घराच्या जाहिरातींत सर्रास दिसतो. भाडं नाही, त्याऐवजी पाच-सात लाख ठेव, जाताना परत. एकट्या मालकाशी नोंदणीकृत करार करून हे केलं तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण महिन्याच्या भाड्यावर घेतलेलं घर कुणी हेवी डिपॉझिटवर पुढे दिलं, तर पैसे गेले एकाकडे आणि घर दुसऱ्याचं. मालकाला त्या ठेवीशी देणंघेणं नाही. ठेव घेणारा नंबर बदलून मोकळा. फसवणुकीची फिर्याद करता येते, दिवाणी दावाही लावता येतो. हाती काय येतं ते कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्यांना विचारा. गावचं शेत विकून आणलेले पैसे असे जातात आणि तरी म्हणायचं की मधल्याने थोडे कमावले तर कुणाचं काय बिघडलं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

म्हणून पोटभाड्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हिशेब मला खोटा वाटतो. ते मालक आणि भाडेकरू असा दोघांचा हिशेब मांडतात. दोघांच्यात तो जमतोही: मालकाला भाडं, भाडेकरूला चार पैसे. शिल्लक सगळी तिसऱ्याच्या नावे पडते, आणि तिसरा हिशेबाच्या वहीतच नाही. आणि त्याची अवस्था इतकी बिकट का झाली? आधीच्या माफ्यांना घाबरून कायद्याने दार घट्ट लावलं म्हणून. आज जो म्हणतो की उद्या सरकार नियमित करेल, तो आणखी एक कडी घालायची तयारी करतोय.

एवढं म्हटल्यावर मालकांच्या बाजूचे टाळ्या पिटतील, तर त्यांनाही दोन गोष्टी सांगायला हव्यात.

पोटभाड्याचा संशय आला म्हणून कुलूप बदलणं, पाण्याचा कॉक बंद करणं, मीटर काढणं, हा तुमचा अधिकार नाही. भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडायला १९९९ चंच कलम २९ मनाई करतं. कायद्याच्या मार्गाने न जाता कुणाला त्याच्या ताब्यातून हुसकलं, तर १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो. घर तुमचं आहे, म्हणून आदेश तुमच्या बाजूने होईल. पण तो आदेश तुम्ही स्वतःच स्वतःला द्यायचा नसतो.

दुसरं, घरात दुसरा माणूस दिसला की पोटभाडेकरू, असं होत नाही. गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये हे नियम पुन्हा नीट मांडले. पोटभाडं ठरायला दोन गोष्टी लागतात: भाडेकरूने ताबा सोडून तो तिसऱ्याला एकट्याला दिला पाहिजे, आणि मालकाच्या संमतीशिवाय, मोबदला घेऊन दिला पाहिजे. हे सिद्ध करायचं मालकाने. तिसऱ्या माणसाचा एकट्याचा ताबा मालकाने दाखवला, की मग भाडेकरूला खुलासा द्यावा लागतो, कारण मोबदला बंद दाराआड घेतला जातो हे न्यायालयालाही ठाऊक आहे. म्हणून गावाहून आलेला भाचा वर्षभर राहिला तरी पोटभाडेकरू होत नाही. भाडेकरू स्वतः राहतोय, चावी त्याच्याकडे आहे आणि खर्च वाटून घ्यायला रूममेट ठेवलाय, तरी ताबा सोडला असं सहसा म्हणता येत नाही; मात्र एक खोली पूर्ण वेगळी करून भाड्याने दिली असेल तर गोष्ट बदलते. लायसन्सच्या करारात 'इतक्याच व्यक्ती राहतील' अशी अट असेल तर तीही पाळावीच लागेल. सोसायट्यांनी तर यात नाक खुपसायचं कारणच नाही. सभासद राहत नसेल तर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क घ्या, २००१ पासून मर्यादा तीच आहे, आणि कराराची प्रत फाइलला लावा.

आता युक्तिवादाचा सगळ्यात भक्कम भाग, जो मी मुद्दाम मागे ठेवला. माणसाची बदली होते. अंबडच्या कंपनीने सहा महिन्यांसाठी चाकणला पाठवलं. इथलं घर सोडलं तर परत मिळणार नाही, ठेवलं तर रिकाम्या घराचं भाडं. त्यातून जुन्या भाडेकरूने सबळ कारणाशिवाय सहा महिने घर वापरलं नाही तर तेवढ्यावरून मालक ताबा मागू शकतो, तेही कायद्यात आहे. अशा माणसाने काय करायचं? तो नफा मिळवायला घर देत नाहीये, भुर्दंड वाचवायला देतोय. ही अडचण खरी आहे. तिला उत्तर म्हणून 'कायदा वाचा' सांगणं मला पटत नाही.

पण याचं उत्तर कायद्यात आधीच आहे, कलम २६ मध्येच: करारात मुभा घ्या. मालकाला पत्र लिहा की अमुक तारखेपासून अमुक महिने, अमुक नावाचा माणूस, अमुक भाड्याने. त्याने हो म्हटलं तर नव्या माणसाचं नाव घालून पुरवणी करार नोंदवा. लायसन्सचा करार असेल तर जुना संपवून नवा करा, सहा महिन्यांचा का होईना. आधारचा अंगठा देऊन ऑनलाइन नोंदणी होते, मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का. तोंडी 'चालेल हो' वर भरवसा ठेवू नका. मालकाला माहीत होतं आणि तो गप्प बसला, एवढ्याने संमती सिद्ध झाली असं कुठलंही कोर्ट सहजासहजी मानत नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याने हीच वाट धरली आहे: पुरवणी करारानेच पोटभाडं, आणि मालक-भाडेकरू दोघांनी मिळून दोन महिन्यांत भाडे प्राधिकरणाला त्याची माहिती द्यायची. त्या कायद्यातलं बाकीचं काय घ्यायचं यावर महाराष्ट्रात भरपूर वाद घालता येईल. ही एक तरतूद तरी राज्याने उचलावी, असं माझं मत आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप: मालक लेखी देतच नाहीत. नाही देत. मग उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते मान्य करायला हवं. ज्या दुकानदाराने उधारी नाकारली त्याच्या गल्ल्यातून पैसे उचलून 'नंतर देणारच होतो' असं आपण म्हणत नाही.

यात्रेकरूंच्या बाबतीत तर हा आक्षेप आणखी पोकळ आहे. पंचवटीतल्या पुरोहितांच्या घरी यजमान उतरतात, ती परंपरा जुनी आणि घरं त्यांची स्वतःची. लायसन्सवर घेतलेल्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये रोज नवी माणसं उतरवणं याचा तिच्याशी काही संबंध नाही. तिथे विदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत नोंद करायची जबाबदारी येते. काही बरंवाईट घडलं तर पोलिसांच्या फाइलमध्ये पहिलं नाव मालकाचं, दुसरं करार ज्याच्या नावे त्याचं. सरकारची निवास-न्याहारी योजना घरमालकाला खुली आहे. मालकाला विचारा, दोघे मिळून नोंदणी करा, उत्पन्न वाटून घ्या. ऑगस्ट २०२७ ला अजून वेळ आहे.

उरतं ते कलम २४ चं तिसरं पोटकलम, आणि तिथे माझी मागणी मालकांना आवडणार नाही. ज्याचं नाव करारात नाही त्याला घराचा हक्क देऊ नका, १९७३ पुन्हा नको. पण आदेशाची अंमलबजावणी होण्याआधी आत जो कुणी प्रत्यक्ष राहतो त्याला पंधरा दिवसांची लेखी नोटीस मिळावी, आणि त्याने ज्याच्याकडे डिपॉझिट दिलं त्याच्याकडून ते वसूल करण्याचा अर्ज त्याच प्राधिकाऱ्याने ऐकावा. मालकाला घर पंधरा दिवस उशिरा मिळेल, तेही दुप्पट भरपाईसह. मधल्या माणसाला मात्र पहिल्यांदाच कुणीतरी समोर बसवून विचारेल की हे पैसे घेतले होतेस का. यातून भाडेकरूचा दर्जा निर्माण होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी जुन्या कायद्यातलं कलम १५-अ आणि ही सूचना शेजारी ठेवून वाचावी. तिथे राहणाऱ्याला घर दिलं होतं. इथे पंधरा दिवस आणि त्याचेच पैसे मागायची जागा.